आरादाचें गोत्र

पक्ष्यांना शास्त्रीय नांवें देणारे पंडित बहुधा मेलेल्या पक्ष्यांना नांवें देत आले. वनांत गाणारा पक्षी कोणीतरी बंदुकीनें पाडावा, त्याचें कातडें सोलून त्यांत कापूस भरावा, तें पेटींत घालून समुद्रापार पाठवावें, आणि तेथें चोच, पाय, पंख व शेपटी मोजून कोणा विद्वानानें त्याचें कुल ठरवावें, असा हा क्रम दीडदोनशें वर्षें चालला. या क्रमांत पक्ष्याचा आवाज अर्थातच मागें राहतो. कोकिळाच्या कातड्यावरून त्याचें गोत्र कदाचित् ठरवितां येईल, पण त्याचा पंचम कांहीं त्या कापसांत सांपडणार नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील ज्या एका लहानशा पक्ष्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों, त्याच्या वांट्याला हा क्रम विशेषच विचित्र रीतीनें आला. त्याची कीर्ति युरोपांत पोंचली ती गाण्यामुळें. त्याचें गोत्र चुकलें तें गाणें बाजूला ठेवल्यामुळें. आणि तें दुरुस्त करण्याचें साधन पंडितांच्या हातीं आलें तें पक्ष्यांच्या गळ्यांतूनच.

हा पक्षी म्हणजे आरादा. इंग्रजींत त्याला ‘म्युझिशियन रेन’ म्हणतात आणि ब्राझीलमध्यें ‘उइरापुरु’. लांबी सुमारें १३ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या चिमणीहून थोडा लहानच. पाठ तपकिरी, चेहरा व छाती तांबूस, पंखांवर आणि आंखूड शेपटीवर काळे पट्टे, डोळ्याभोंवतीं फिकट निळसर कातडी. अॅमेझॉनच्या खोऱ्यांतील दाट अरण्यांत जमिनीलगतच तो वावरतो, आणि जोडीनें किंवा कुटुंबासह पाचोळा उलटून किडे वेंचतो. तो दिसणें कठीण, ऐकूं येणें सोपें.

रेन या पक्षिकुलाशीं मराठी वाचकाची ओळख असण्याचें कारण नाहीं. त्या कुलांत नव्वदाच्या आसपास जाति आहेत आणि एक सोडून बाकी साऱ्या अमेरिका खंडाच्याच रहिवासी आहेत. ती एक जात फार प्राचीन काळीं आशियांत उतरली आणि पसरत पसरत युरोपच्या पश्चिम टोंकापर्यंत गेली. हिमालयांत काश्मीरपासून अरुणाचलापर्यंत ती आढळते. सह्याद्रीकडे मात्र ती फिरकली नाहीं. जुन्या इंग्रजी ग्रंथांत आपल्याकडील वटवट्यांना ‘रेन-वॉर्बलर’ म्हटलेलें दिसतें, तें केवळ साहेबाला घरच्या बागेंतल्या पक्ष्याची आठवण झाली म्हणून. वटवट्याचें आणि रेनचें जवळचें नातें नाहीं. आपल्या रानांतला रेनचा खराखुरा आप्त दुसराच आहे. त्याच्याकडे आम्ही पुढें येऊं.

पॅरिसच्या राजोद्यानाचा अधिकारी बफाँ यानें अठराव्या शतकाच्या आठव्या दशकांत पक्ष्यांवरील आपला प्रचंड ग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला, त्यांत आरादाचें वर्णन आहे. बफाँ स्वतः अमेरिकेंत कधीं गेला नाहीं. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर फ्रेंच गियाना ही तेव्हां वसाहत होती. तिच्या कायेन बंदरांतून त्याला कातडीं येत, आणि तेथील अरण्यें पायांखालीं घातलेला सोन्नीनी नांवाचा तरुण अधिकारी त्याला टिपणें पुरवी. आरादाच्या गाण्याविषयींचें बफाँचें वर्णन वाचण्यासारखें आहे. हा पक्षी आरंभीं सप्तकाचे सात स्वर आलापीसारखे घेतो, मग मृदु बासरीच्या आवाजांत नाना चाली वाजवितो, आणि त्याचे सूर नाइटिंगेलच्या सुरांपेक्षां खालच्या पट्टींतले असतात, असा त्याचा आशय. त्याची एक शीळ तर माणसानें माणसाला दिलेल्या हांकेसारखी असते आणि तिच्यामागें जाणारा वाटसरू रानांत वाट चुकतो, असेंहि त्यांत सांगितलें आहे. सात स्वरांची आलापी ही अतिशयोक्ति खरी. पण वर्णन करणाऱ्यानें पक्षी कानांनीं ऐकला होता, यांत शंका राहत नाहीं.

इतकें ऐकूनहि बफाँनें आरादाला बसविलें तें मुंगीपक्ष्यांच्या पंगतीला. दक्षिण अमेरिकेंतील हे मुंगीपक्षी आकारानें लहान, आंखूड शेपटीचे, लांब पायांचे आणि तपकिरी-काळ्या रंगाचे असतात. जमिनीलगत किडे टिपतात. पेटींतल्या कातड्यावरून पाहिलें तर आरादा त्यांच्यांतलाच वाटावा. एक गोष्ट मात्र बफाँच्या पदरीं टाकली पाहिजे. त्याला स्वतःलाच ही मांडणी रुचली नव्हती. बाह्य लक्षणें जुळतात म्हणून त्यानें आरादाला त्या गटाच्या शेवटीं जागा दिली, पण त्याच्या संवयी निराळ्या आहेत, हें नमूद करून ठेवलें. त्याच पंगतींत ‘बांब्ला’ आणि ‘कोराया’ असे आणखी दोन पक्षी येऊन बसले होते. आजच्या वर्गीकरणांत तेहि दोघे रेनच ठरले आहेत. म्हणजे एकाच घरचीं तीन मुलें एकाच चुकीच्या घरीं नेऊन घातलीं गेलीं, आणि तिघांच्याहि बाबतींत साक्ष देणारा गळा मुका होता.

बफाँचा लॅटिन द्विनामांवर विश्वास नव्हता. तो पक्ष्यांना फ्रेंच नांवें देई. लॅटिन नांव देण्याचें काम स्ट्रासबुर्ग येथील प्राध्यापक योहान हर्मान यानें १७८३ सालीं केलें, आणि आरादा झाला ‘मिर्मॉर्निस आरादा’. मिर्मॉर्निस याचा ग्रीक अर्थच ‘मुंगीपक्षी’. बफाँची शंका फ्रेंच गद्यांत राहिली आणि तिच्यावांचून नुसता निर्णय लॅटिनमध्यें गेला. पुढें १७८९ सालीं ग्मेलिनानें कोरायाला ‘टर्डस’ म्हणजे कस्तुरांच्या प्रजातींत घातलें, तेव्हां हीं भावंडें आणखी पांगलीं. या पंडितांस आज हंसण्यांत अर्थ नाहीं. खुद्द लिनियसनें १७५८ सालीं आपल्या घराजवळच्या युरोपीय रेनला ‘मोटासिल्ला’ या प्रजातींत, म्हणजे आपण ज्याला धोबी पक्षी म्हणतों त्याच्या शेजारीं, बसविलें होतें. दारांतल्या पक्ष्याची ही वाट, तर कायेनहून पेटींतून आलेल्याची काय कथा?

आरादाचें आजचें शास्त्रीय नांव ‘सायफोर्‍हायनस आरादा’ असें आहे, आणि त्यापुढें हर्मानचें नांव व १७८३ हें साल कंसांत लिहितात. प्राणिशास्त्राचा हा संकेत फार बोलका आहे. नांव देणाऱ्यानें जाति ज्या प्रजातींत घातली तींतच ती राहिली तर त्याचें नांव उघडें लिहावयाचें. दुसरीकडे हलविली गेली तर कंसांत. त्या दोन वक्र रेषांच्या आंत एका स्थलांतराचा इतिहास मिटून ठेवलेला असतो.

हें स्थलांतर घडविणारी प्रजाति, सायफोर्‍हायनस, बर्लिन येथील काबानिस यानें १८४४ सालीं स्थापिली, ती मात्र आरादासाठीं नव्हे. त्याच वर्षीं त्शूदी या स्विस प्रवाशानें पेरू देशांतून आणलेल्या एका तांबूस छातीच्या पक्ष्याचें वर्णन झालें होतें. त्याच्या उंच कण्याच्या, जणूं कुबड आलेल्या चोंचीवरून हें ‘कुबडनाक्या’ अशा अर्थाचें नांव पडलें. आरादाची चोंचहि त्याच घडणीची असल्यामुळें तो पुढें या प्रजातींत आला. परंतु चोंच हा तरी शेवटीं बाहेरचाच पुरावा. आंतला पुरावा त्याच सुमारास, त्याच बर्लिन शहरांत, निराळ्या मार्गानें तयार होत होता.

योहानेस म्यूलर हा शरीरशास्त्रज्ञ. पक्ष्याचा आवाज माणसाप्रमाणें घशाच्या वरच्या टोंकाशीं निघत नाहीं. श्वासनलिका खालीं जेथें दुभंगते तेथें एक निराळें स्वरयंत्र असतें. या यंत्राच्या घडणींत झाडावर बसणाऱ्या लहान पक्ष्यांत मूलभूत भेद आहेत, हें म्यूलरनें १८४५ सालीं बर्लिनच्या विद्वत्सभेपुढें मांडलें आणि १८४७ सालीं तें छापून प्रसिद्ध झालें. कांहीं पक्ष्यांत या यंत्राला स्नायूंच्या अनेक जोड्या असतात. तेच खरे गायक. दक्षिण अमेरिकेंतील मुंगीपक्षी व त्यांचे सगेसोयरे यांच्यांत मात्र यंत्र श्वासनलिकेच्याच खालच्या भागाचें बनलेलें असतें आणि स्नायू थोडे असतात. हा भेद कातड्यावरून कळणें शक्यच नाहीं, कारण कातडें सोलतांना गळा टाकून दिलेला असतो; त्यासाठीं मद्यार्कांत बुडवून ठेवलेला सबंध देह चीरून पाहावा लागतो. रेन हे पहिल्या वर्गांतले, मुंगीपक्षी दुसऱ्या. आज आपल्याला हेंहि ठाऊक आहे कीं पहिल्या वर्गांतले पक्षी आपलें गाणें वडिलधाऱ्यांकडून ऐकून शिकतात आणि मुंगीपक्ष्यांचें गाणें बहुतांशीं उपजत असतें. एकाला घराण्याची तालीम आहे, दुसऱ्याला नाहीं. दोघे एकाच पाचोळ्यांत वेंचून खात असले तरी त्यांच्या पूर्वजांची फारकत कोट्यवधि वर्षांपूर्वींची आहे.

गमतीची गोष्ट अशी, कीं बफाँचा मुंग्यांशीं लावलेला संबंध अगदींच निराधार नव्हता. त्या अरण्यांत फौजी मुंग्यांच्या टोळ्या जमिनीवरून चाल करून जातात, आणि त्यांच्यापुढें पळणारे किडे टिपण्यासाठीं निरनिराळ्या कुलांतले पक्षी गोळा होतात. आरादाहि कधीं कधीं त्यांत असतो. एका पंगतीला जेवणारे सगळे एका गोत्राचे समजले गेले, इतकेंच.

गळ्याचा हा पुरावा हातीं आल्यावरहि पंडितांचा घोळ एकदम मिटला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभीं ब्रिटिश म्युझियमच्या पक्षिसूचीचा सहावा खंड शार्प यानें तयार केला, त्यांत रेन पक्षी ‘टिमेलिइडी’ या कुलांत आले. आपल्या अंगणांत कलकलाट करणारे सातभाई ज्या कुलाचे, तें हें कुल. इक्वेडोरकडील आरादाला ‘साल्व्हिनी’ हें नांव त्याच खंडांत मिळालें. अशा रीतीनें अॅमेझॉनचा गवई काहीं काळ आपल्या सातभाईंचा भाऊबंद म्हणून वावरला. ज्यांचें कोठें जमत नाहीं त्यांना टाकण्याची ती त्या काळची धर्मशाळाच होती. पुढें ‘ल्यूकोलेपिस’ या निराळ्या प्रजातीच्या नांवाखालींहि आरादाची काहीं वर्षें गेलीं. शेवटीं रेन हें कुल स्वतंत्र आहे यावर एकमत झालें; आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेनें त्याचे शेजारीहि कळले. त्यांत झाडाच्या सालीवर उलटासुलटा धांवणारा शिलींध्री आहे. सह्याद्रीच्या रानांतला तो निळा, तांबड्या चोंचीचा, मखमली कपाळाचा पक्षी आरादाचा दूरचा पण खरा आप्त. सातभाईंशीं जोडलेलें नातें खोटें ठरलें आणि ज्याच्याकडे कोणी पाहिलें नव्हतें तो निघाला नातलग.

आतां गाण्याविषयीं. अॅमेझॉनच्या लोककथांत उइरापुरु गाऊं लागला म्हणजे रानांतले सारे पक्षी गप्प होतात. मेलेला उइरापुरु जवळ बाळगला तर प्रेमांत व धंद्यांत यश येतें अशीहि समजूत आहे, आणि त्यापायीं पुष्कळ पक्षी प्राणाला मुकले. दुर्दैव असें, कीं हें नांव लोकव्यवहारांत मॅनाकिन नांवाच्या रंगीबेरंगी पण बेसूर पक्ष्यांनाहि लावतात. म्हणून आरादाला ब्राझीलमध्यें ‘खरा उइरापुरु’ म्हणण्याची पाळी आली. ब्राझीलचा संगीतकार व्हिल्ला-लोबोस याच्या ‘उइरापुरु’ या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग १९३५ सालीं ब्यूनॉस आयरिस येथें झाला.

२०१२ सालीं डूलिटल ही संगीतकर्ती आणि ब्रुम हा पक्षितज्ज्ञ या दोघांनीं आरादाच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी घेतांना हा पक्षी सप्तक, पंचम आणि मध्यम हीं अंतरें इतरांपेक्षां अधिक वेळां घेतो, असें त्यांना आढळलें. आमच्या वाचकांस यांतील मर्म सांगावयास नको. षड्जाचे संवादी म्हणजे मध्यम आणि पंचम, हें आपल्याकडे जुन्या काळापासून मानलें गेलें आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला, त्यांतहि स्वरांच्या संवादाचा विचार आहे, आणि मोर, कोकिळ आदि प्राण्यांना एकेक स्वर वांटून दिलेला आहे. म्हणून आरादाला संगीतशास्त्र अवगत आहे, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं, आणि त्या दोघांनींहि तें केलेलें नाहीं. त्याच्या गाण्यांत शुद्ध शिळांच्या मधून मधून घशांतली घरघर असते, ती कोणत्याच रागांत बसणार नाहीं. पण सोन्नीनीच्या काळच्या कानांनीं जें ऐकलें तें भ्रम नव्हतें, एवढें मात्र त्यावरून म्हणतां येतें.

गोत्रानंतर वतन. सायफोर्‍हायनस प्रजातींत तीन जाति मानतात, आणि त्या कोठें राहतात हें पाहिलें तर आरादाच्या वतनाची रचना स्पष्ट होते. मध्यें अँडीज पर्वताची भिंत. भिंतीच्या उतारांवर, धुक्यांतल्या रानांत, त्शूदीचा तांबूस छातीचा पक्षी. भिंतीच्या पश्चिमेस व उत्तरेस, हाँडुरासपासून पनामावरून इक्वेडोरच्या पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत, स्क्लेटर यानें १८६० सालीं वर्णिलेला ‘साँग रेन’. आणि पूर्वेस, गियानांपासून बोलिव्हियाच्या उत्तर भागापर्यंतच्या विस्तीर्ण सखल अरण्यांत, आरादा. पश्चिमेकडचा आणि पूर्वेकडचा हे दोघे एकच जात होत, असें काहीं पंडित मानीत. आतां त्यांस वेगळेच धरतात.

परंतु पूर्वेकडचा आरादा तरी सगळीकडे सारखा आहे काय? येथें नद्यांचा प्रश्न येतो. आल्फ्रेड रसेल वॉलेस यानें अॅमेझॉनवर चार वर्षें काढलीं, आणि १८५२ सालीं परततांना जहाजाला आग लागून त्याचा बहुतेक संग्रह समुद्रांत नष्ट झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्यें त्यानें अॅमेझॉनच्या माकडांवर एक निबंध वाचला. अॅमेझॉन, निग्रो आणि मदेरा या नद्या म्हणजे निरनिराळ्या माकडांच्या वतनांच्या सीमा आहेत; एका तीरावरची जात दुसऱ्या तीरावर आढळत नाहीं, असें त्यांत होतें. संग्रह करणारे लोक चिठ्ठीवर नुसतें ‘ब्राझील’ किंवा ‘पेरू’ लिहितात, अशीहि त्याची तक्रार होती. आमच्या मतें त्या निबंधांतील सिद्धांताइतकीच ही तक्रार मोलाची आहे. कातड्याला गळा नसतोच. चिठ्ठीवर तीरहि नसेल तर त्याच्याजवळ उरलें काय?

आरादाच्या बाबतींत हें तंतोतंत खरें ठरलें. प्रचलित याद्यांत त्याच्या सहा उपजाति धरतात. अॅमेझॉनच्या उत्तरेस गियानांकडे मूळचा आरादा. त्याच्या मानेवर काळ्यापांढऱ्या रेघांचा पट्टा असतो. वायव्येकडे टॉड यानें १९३२ सालीं वर्णिलेला ‘ट्रान्सफ्लुव्हिआलिस’, म्हणजे नदीपलीकडचा. पश्चिमेस कोलंबिया-इक्वेडोरकडे साल्व्हिनी, नैर्ऋत्येस द’ऑर्बिन्यीचा १८३८ सालचा ‘मॉड्युलेटर’. मदेरा आणि टापाजोस या नद्यांच्या दुआबांत टॉडचाच ‘इंटरपॉझिटस’, म्हणजे मध्यें घातलेला. आणि टापाजोसच्या उजव्या तीरावर रिजवे यानें १८८८ सालीं वर्णिलेला, करड्या कुशीचा ‘ग्रिसिओलॅटरॅलिस’. नांवांतच नद्या वाहत आहेत.

पंख असलेल्या प्राण्याला नदी कशी अडविते, अशी शंका कोणासहि येईल. तिचें उत्तर पनामांतून आलें. तेथें कालव्यासाठीं चाग्रेस नदी अडविली गेल्यावर गातून सरोवर पसरलें आणि टेंकड्यांचीं बेटें झालीं. या सरोवरावर संशोधकांनीं रानपक्षी होडींतून नेऊन कांठापासून मोजलेल्या अंतरावर सोडले. त्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला. काहीं जाति सहज कांठाला लागल्या, पण अरण्याच्या तळाशीं राहणाऱ्या कित्येक जातींना शंभर मीटर पाणीसुद्धां ओलांडवेना. टापाजोसचें पात्र तर खालच्या भागांत कित्येक किलोमीटर रुंद आहे.

जो पक्षी पाणी ओलांडीत नाहीं तो उघडें कुरणहि ओलांडीत नाहीं, हें यांतील गंभीर प्रकरण. ब्राझीलमध्यें मनाऊसच्या उत्तरेस १९७९ सालीं एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. कुरणांसाठीं रान तोडलें जात असतां १, १० व १०० हेक्टरांचे तुकडे मुद्दाम राखून त्यांत काय टिकतें तें पाहण्यांत आलें. लहान तुकड्यांतून अरण्यतळचे कीटकभक्षी पक्षी आणि विशेषतः फौजी मुंग्यांमागें फिरणारे पक्षी थोड्याच काळांत नाहींसे झाले.

येथेंच वर्गीकरण हें केवळ पंडितांच्या टेबलावरचें काम राहत नाहीं. साऱ्या आरादांना एका नांवाखालीं मोजलें तर वतन इतकें विस्तीर्ण दिसतें कीं कोणाला काळजी वाटूं नये. पण सहाहि तीरांवरचीं घराणीं वेगवेगळीं धरलीं तर हिशेब प्रत्येकाचा स्वतंत्र करावा लागतो, आणि कोठें तो फार तोकडा भरतो. टापाजोसच्या पूर्वेच्या अरण्यांतून १९७० च्या दशकांत कुयाबा ते सांतारेंपर्यंत हमरस्ता काढण्यांत आला. त्याच्या दोहों बाजूंस कुरणें आणि पुढें सोयाबीनचीं शेतें पसरलीं. करड्या कुशीचा आरादा राहतो तो याच बाजूला. दुसऱ्या तीरावर जाण्याची वाट त्याला नाहीं. आणि त्या तीरावर इंटरपॉझिटस आधींच राहतो.